एकमेकींत घुसलेल्या दोन आरपार चादरींचं चित्र कसं काढायचं

मागच्या पावसाळ्यात मी मीटिंगमध्ये एक चित्र लावलं आणि त्यापायी आमच्या लॅबचे दोन दिवस फुकट गेले. आकडे बरोबर होते, हिशोब बरोबर होता, प्रयोगही नीट झाले होते. घोळ चित्रात होता, आणि चित्र काढणारी मीच होते.

मी महापे एमआयडीसीत एका छोट्या प्रोसेस डेव्हलपमेंट लॅबमध्ये काम करते. राहायला नौपाड्यात. रोज ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची लोकल, घणसोलीला उतरायचं, पुढे शेअर रिक्षा. फ्लास्कमध्ये जमलेली रिअॅक्शन मोठ्या रिअॅक्टरात किती तापमानाला आणि किती तास चालवायची, ते ठरवून देणं हे आमचं काम. तेव्हा प्रश्न दोन कॅटॅलिस्टचा, म्हणजे रिअॅक्शनला वेग देणाऱ्या पदार्थांचा होता, एक जुना आणि एक नवा. तापमान आणि वेळ बदलत बदलत दोघांचेही आकडे घेतलेले. आडव्या दोन अक्षांवर तापमान आणि वेळ, उभ्या अक्षावर कन्व्हर्जनचे टक्के (कच्च्या मालाचा किती हिस्सा पालटला), म्हणजे प्रत्येक कॅटॅलिस्टचा एक सरफेस. आमच्याकडे त्याला सगळे चादरच म्हणतात. दोन चादरी एकाच चौकटीत टाकायच्या, आरपार करायच्या, की कुठे नवा सरस आणि कुठे जुना हे एका नजरेत दिसावं, असा माझा बेत. माझ्या चित्रात नवी चादर सगळीकडे वर दिसली. सर म्हणाले, "मग प्रश्नच मिटला. नव्यावर घ्या, ९५ अंशांना." घेतलं. दोन दिवसांनी आकडा आला तो जुन्यापेक्षा कमी. आणि गंमत म्हणजे तो कमी येणार हे माझ्याच तक्त्यात आधीपासून लिहिलेलं होतं, चित्रात तेवढं दिसत नव्हतं.

अशी चित्रं काढताना सगळे जण अल्फाचा, म्हणजे आरपारपणा ठरवणारा ० ते १ मधला आकडा खालीवर करत बसतात. ०.५ ने जमेना, ०.३ करून बघ. मीही तेच करत होते. खरा घोळ आरपारपणा किती यात नसतो, कोणता तुकडा आधी रंगवला आणि कोणता नंतर, यात असतो. पुढचं सगळं त्याबद्दल आहे.

एक खुलासा आधीच करते. कमांडची नावं मी इथे देवनागरीत, बोलतो तशी लिहिली आहेत. आमच्याकडचा शिकाऊ केमिस्ट डोंबिवलीला राहतो आणि रविवारी फोन करून विचारतो, तेव्हा मी त्याला अशीच सांगते: "प्लॉट, अंडरस्कोर, सरफेस, सगळं स्मॉलमध्ये." टाइप करताना अर्थात रोमन अक्षरं घ्यायची. सॉफ्टवेअर म्हणाल तर मुख्यतः पायथनमधलं आलेख काढायचं मॅटप्लॉटलिब, कारण ते फुकट आहे आणि लॅबच्या जुन्या पीसीवरही चालतं.

कंदिलाचा कागद आणि अल्फा

जांभळी नाक्यावरून दिवाळीआधी जिलेटिन कागद आणून ज्यांनी कंदील केलाय त्यांना माहीत असेल: पिवळ्यावर निळा धरला की हिरवट दिसतं. निळ्यावर पिवळा धरला तरी तेच हिरवट. कागद पुढेमागे केल्याने फरक पडत नाही, कारण प्रत्येक कागद उजेडातला आपला वाटा गाळून घेतो आणि उरलेला पुढे सोडतो.

सॉफ्टवेअरमधला आरपारपणा असा नसतो. तिथे चालते सरासरी. पुढच्या रंगाचा अल्फा इतका हिस्सा, आणि उरलेला हिस्सा मागे जे काही आधीच रंगवलंय त्याचा. पोर्टर आणि डफ या दोघांनी १९८४ साली हा हिशोब नीट मांडला, तोच आजही सगळीकडे वापरला जातो. त्यात पुढचा कोण आणि मागचा कोण याने उत्तर बदलतं.

आकड्यांत बघा. एक निळा घ्या: लाल ०, हिरवा ११४, निळा १७८. एक नारिंगी: २३०, १५९, ०. दोघांना अल्फा ०.५, मागे पांढरा कागद. निळा मागे आणि नारिंगी पुढे असेल तर येतं साधारण १७९, १७२, १०८, म्हणजे मेहंदीसारखा पिवळट रंग. उलट, नारिंगी मागे आणि निळा पुढे असेल तर १२१, १६१, १५३, म्हणजे करडा-हिरवट. दोन्ही चादरींचे रंग तेच, अल्फा तोच, तरी मिसळून येणारे रंग वेगळे. बघणाऱ्याचा डोळा याच फरकावरून ठरवतो की कोणती चादर पुढे आहे. सॉफ्टवेअरने क्रम चुकवला, की तुमचं चित्र आत्मविश्वासाने उलटं सांगतं.

अजून एक गोष्ट याच हिशोबातून निघते. अल्फा ०.५ च्या दोन चादरींत मागचीचा वाटा फक्त २५ टक्के उरतो, पुढचीचा ५० आणि कागदाचा २५. तिसरी चादर घातलीत तर सगळ्यात मागची साडेबारा टक्क्यांवर येते. तीन चादरींचं आरपार चित्र मी तरी कुणाला समजलेलं पाहिलेलं नाही. दोनच ठेवा.

आणि कृपा करून प्रत्येक चादरीला उंचीप्रमाणे बदलणारी रंगपट्टी देऊ नका. व्हिरिडिस ही जांभळ्याकडून पिवळ्याकडे जाणारी पट्टी सुंदर आहे, २०१७ पासून मॅटप्लॉटलिबमध्ये तीच मुळात लावलेली येते. पण दोन आरपार व्हिरिडिस एकमेकींवर पडल्या की मिसळलेला रंग बाजूच्या कलरबारवर कुठेच सापडत नाही. कलरबार दिसतो खरा, वाचता येत नाही. एक चादर, एक रंग. उंची सांगायला उभा अक्ष आहे की.

सरावाला आकडे

आमच्या लॅबचे खरे आकडे इथे देता येणार नाहीत. म्हणून तशाच वळणाचं एक खोटं उदाहरण रचलंय, करून बघायला. तापमान त ६० ते १०० अंश, वेळ व १ ते ६ तास.

जुन्याचा वेग = ०.१५ × ई चा (०.०३५ × (त − ६०)) घात
जुना = १०० × (१ − ई चा (−वेग × व) घात)

नव्याचा वेग = ०.३० × ई चा (०.०२ × (त − ६०)) घात
नवा = ९० × (१ − ई चा (−वेग × व) घात)

(ई म्हणजे गणितातला २.७१८ हा आकडा.) मतलब असा की नवा सुरुवातीला जोरात पळतो, पण ९० टक्क्यांच्या वर जातच नाही. जुना सावकाश चढतो, तापवलं की चांगलाच पेटतो आणि १०० कडे जातो. ३ तासांना ७५ अंशांवर जुना साधारण ५३ टक्के आणि नवा ६३. त्याच ३ तासांना ९८ अंशांवर जुना ८२ आणि नवा ७७. मधे कुठेतरी दोघी चादरी एकमेकींना छेदतात.

हे दोन-चार आकडे वहीत लिहून ठेवा. चित्र झाल्यावर ते याच आकड्यांशी ताडून बघायचं आहे. मी मागच्या वर्षी नेमकं एवढंच केलं नव्हतं.

जाळी अशी करायची: पायथनच्या नमपायमधल्या ‘लिनस्पेस’ने तापमानाचे ५० आणि वेळेचे ५० बिंदू, मग दोन्ही ‘मेशग्रिड’मध्ये. त्यातून तापमानाची आणि वेळेची अशी दोन चौकोनी कोष्टकं येतात, आणि वरची सूत्रं थेट त्यांवर लावली की जुन्या-नव्याची आणखी दोन. तुमचे आकडे प्रयोगातले, विस्कळीत असतील, तर आधी सायपाय या शास्त्रीय हिशोबाच्या पायथन लायब्ररीतलं ‘ग्रिडडेटा’ वापरून ते अशा जाळीवर बसवा. मात्र मोजलेल्या बिंदूंच्या बाहेर जाळी ताणू नका. जिथे प्रयोगच केला नाही तिथे चादर कशाच्या जोरावर वर-खाली दाखवणार?

सरळ मार्ग, आणि तो का फसतो

पहिल्यांदा सगळे करतात तेच करा. ‘अॅड_सबप्लॉट’ला ‘प्रोजेक्शन’ म्हणून ‘थ्रीडी’ सांगायचं. मग ‘प्लॉट_सरफेस’ दोनदा: एकदा जुना, निळा, ‘अल्फा’ ०.५, एकदा नवा, नारिंगी, ‘अल्फा’ ०.५. चित्र येतं. छानही दिसतं. आणि चुकीचं असतं.

ठाण्याहून ऐरोलीकडे जाताना डावीकडच्या खिडकीतून पारसिकचा डोंगर दिसतो. शाळेत चित्रकलेच्या तासाला असं दृश्य काढताना आपण काय करायचो? आधी आभाळ, मग डोंगर, मग शेड, शेवटी अगदी पुढचं झाड. जे लांब ते आधी, जवळचं त्यावर. मॅटप्लॉटलिबचं थ्रीडी नेमकं असंच रंगवतं. संगणकाच्या जगात याला पेंटर्स अल्गोरिदम म्हणतात, १९७२ पासूनची युक्ती आहे. एका चादरीच्या आत ते व्यवस्थित चालतं. चादरीचे छोटे चौकोन पाडले जातात, प्रत्येक चौकोन बघणाऱ्यापासून सरासरी किती लांब आहे ते बघून लांबचा आधी रंगवला जातो.

दोन चादरी झाल्या की मात्र मॅटप्लॉटलिब त्यांचे दोन गठ्ठे धरतं. अख्खा एक गठ्ठा आधी, अख्खा दुसरा त्याच्यावर. डोंगर आणि झाडाला हे ठीक आहे, डोंगर झाडात घुसत नाही. आपल्या चादरी चटईच्या पात्यांसारख्या आहेत, अर्ध्या भागात ही वर आणि अर्ध्या भागात ती. कोणताही गठ्ठा आधी घ्या, अर्धं चित्र चुकणारच. माझी नवी चादर जी ‘सगळीकडे वर’ होती, ती अशी होती. ती वर नव्हती, नंतर रंगवलेली होती.

ओळखायचं कसं? माऊसने चित्र हळूहळू फिरवा. एका कोनापाशी चित्र अचानक उडी मारतं, वरची चादर खाली जाते आणि रंग पालटतात. आकडे तेच असताना चित्राने उडी मारली म्हणजे गठ्ठ्यांचा क्रम बदलला. ही उडी दिसली तर ते चित्र कुणाला दाखवू नका.

‘कम्प्युटेड_झेडऑर्डर’ नावाचं एक सेटिंग मॅटप्लॉटलिबच्या ३.४ आवृत्तीपासून आहे. ते ‘फॉल्स’ केलं की कोणता गठ्ठा वर ते आपण सांगू शकतो. एकीवर एक अशा, न छेदणाऱ्या चादरी असतील, उदाहरणार्थ तळ्याचा गाळ आणि वर पाण्याची पातळी, तर हे पुरतं आणि पुढचं काही करायची गरज नाही. छेदणाऱ्या चादरींना याचा उपयोग नाही, कारण हेही अख्ख्या गठ्ठ्यालाच लागू होतं.

दोन गठ्ठ्यांचा एक गठ्ठा

उपाय सुचायला मला दोन महिने लागले आणि सुचल्यावर स्वतःचाच राग आला. चौकोनांची वर्गवारी एका गठ्ठ्याच्या आत बरोबर होते ना? मग दोन्ही चादरींचे चौकोन एकाच गठ्ठ्यात घाला.

‘प्लॉट_सरफेस’ बाजूला ठेवायचं आणि चौकोन स्वतः पाडायचे. जाळीच्या प्रत्येक घराचे चार कोपरे घ्या (आय म्हणजे कोष्टकातली ओळ, जे म्हणजे स्तंभ): आय-जे, आय अधिक एक-जे, आय अधिक एक-जे अधिक एक, आय-जे अधिक एक. याच फेरीने घ्यायचे, नाहीतर चौकोनाऐवजी फुलपाखरू होतं. प्रत्येक कोपऱ्याचे तीन आकडे: तापमान, वेळ, कन्व्हर्जन. ५० बाय ५० बिंदूंमधून ४९ × ४९, म्हणजे २,४०१ चौकोन पडतात. जुन्याचे २,४०१, नव्याचे २,४०१, एकाच यादीत एकामागोमाग ४,८०२. शेजारी रंगांची दुसरी यादी, तेवढ्याच लांबीची: पहिल्या २,४०१ ना निळा, पुढच्यांना नारिंगी. रंग चार आकड्यांत द्या, चौथा अल्फा. आता ही दोन्ही ‘पॉलीथ्रीडीकलेक्शन’ला द्या आणि ते ‘अॅड_कलेक्शनथ्रीडी’ने अक्षांवर चढवा.

इथे हमखास अडकायला होतं त्या तीन जागा.

पहिली: पडदा कोरा येतो. घाबरू नका, चादरी आहेत, पण चौकटीच्या बाहेर. हाताने चढवलेल्या गठ्ठ्यासाठी अक्षांच्या मर्यादा आपोआप बसतीलच असं नाही. ‘सेट_एक्सलिम’ ६० ते १००, ‘सेट_वायलिम’ १ ते ६, ‘सेट_झेडलिम’ ० ते १००, हे आपणच सांगायचं. त्या डोंबिवलीच्या पोराचा अख्खा रविवार यात गेला होता. त्याने फोन केला तेव्हा म्हणाला, "मॅडम, मी पायथन काढून परत टाकलं, तरी कोरंच."

दुसरी: चादरीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा दिसतात. शेजारच्या दोन आरपार चौकोनांच्या कडा एकमेकींवर पडतात, तिथे रंग दुप्पट चढतो. ‘एजकलर’ला ‘नन’ सांगून भागत नाही, त्याबरोबर ‘लाइनविड्थ’ ० आणि ‘अँटिअलायझ्ड’ ‘फॉल्स’ करा. तिन्ही एकदम. जाळं जातं.

तिसरी: अल्फा दोन ठिकाणी देऊ नका. रंगाच्या चौथ्या आकड्यात दिलाय ना, मग वेगळा ‘अल्फा’ लिहायचा नाही. लिहिलात तर तो सगळ्या चौकोनांवर चढून बसतो आणि तुम्ही प्रत्येक चादरीला निरनिराळा दिलेला अल्फा जातो.

आता चित्र फिरवून बघा. उडी नाही. ७५ अंशांकडे नारिंगी वर, ९८ कडे निळी वर, वहीतल्या आकड्यांप्रमाणे. छेदाच्या जागी कड किंचित दातेरी दिसते, कारण तिथले चौकोन स्वतःच एकमेकांत घुसलेले असतात आणि अख्ख्या चौकोनाला एकच जागा मिळते. एक चौकोन तापमानाच्या अक्षावर साधारण ०.८ अंशाचा आहे, दातही तेवढेच. खुपत असेल तर १०० बाय १०० घ्या, मग १९,६०२ चौकोन होतात आणि फिरवताना माझ्या लॅपटॉपचा पंखा लोकलसारखा आवाज करतो. मी ५० वर जुळवाजुळव करते आणि शेवटचं चित्र तेवढं १०० वर काढते.

जाता जाता: ‘प्लॉट_सरफेस’ला तुम्ही २०० बाय २०० ची जाळी दिलीत तरी तो गुपचूप ५० च्या आसपासच घेतो. ‘आरकाउंट’ आणि ‘सीकाउंट’ हे त्याचे आकडे मुळात ५० असतात. बारीक खाच-टोक दिसत नसेल तर आकड्यांना दोष देण्याआधी तिथे बघा.

अल्फाचा आकडा मी ०.५५ च्या आसपास ठेवते, दोघींना सारखा. वरची पातळ आणि खालची जाड करा असा सल्ला बरेच जण देतात, तो एकीवर एक चादरींना छान आहे. आपल्याकडे वरची-खालची मधेच अदलाबदल होते, मग पातळ असलेली खाली गेली की दिसेनाशी होते.

छेदाची रेघ

खरं सांगायचं तर सरांना चादरींत रस नव्हता. त्यांना हवी होती ती रेघ, जिच्या अलीकडे नवा घ्यायचा आणि पलीकडे जुना. मग ती रेघ बघणाऱ्याच्या डोळ्यावर का सोडा? काढूनच द्या.

जुना वजा नवा करा. त्या वजाबाकीचा शून्य जिथे येतो ती छेदरेषा. वेगळ्या साध्या, सपाट आकृतीवर ‘कंटूर’ला ती वजाबाकी द्या आणि ‘लेव्हल्स’मध्ये फक्त ०. परत येणाऱ्या वस्तूत ‘ऑलसेग्स’ नावाची यादी असते, त्यात रेघेचे बिंदू सापडतात. प्रत्येक बिंदूचं तापमान आणि वेळ मिळाली की कन्व्हर्जन सूत्रातून काढा. सूत्र नसेल तर सायपायच्या ‘रेग्युलरग्रिडइंटरपोलेटर’मधून. मग थ्रीडी चौकटीत ‘प्लॉट’ने काळी, २ जाडीची रेघ, आणि ‘झेडऑर्डर’ १० द्यायला विसरू नका. नाही दिला तर रेघ चादरींच्या खाली गाडली जाते आणि तुम्ही ती शोधत बसता.

आपल्या उदाहरणात ही रेघ ६ तासांना साधारण ८० अंशांवर, ३ तासांना ९० च्या आसपास आणि १ तासाला जवळजवळ ९७ अंशांवर येते. म्हणजे वेळ जितका कमी, तितका नव्याचा पट्टा रुंद. हे वाक्य मला मीटिंगमध्ये बोलता आलं असतं तर ते दोन दिवस वाचले असते.

ही रेघ चादरींच्या दिसणाऱ्या छेदावर बसली नाही तर कुठेतरी चूक आहे. बहुतेक वेळा ‘मेशग्रिड’नंतर तापमान आणि वेळ यांची अदलाबदल झालेली असते. दोन्हींचे ५०-५० बिंदू असले की ही चूक कुठलाही एरर न देता खपून जाते. म्हणून शंका आली की एकदा मुद्दाम ५० आणि ४० बिंदू घेऊन चालवून बघा. अदलाबदल झाली की लगेच आरडाओरडा होतो.

बघण्याचा कोन मॅटप्लॉटलिबमध्ये मुळात उंची ३० आणि फिरकी −६० असा असतो. छेदरेषेच्या लांबीच्या दिशेने बघितलं तर ती एका ठिपक्यात गोळा होते, जवळपास काटकोनात बघा. आणि ‘सेट_प्रोज_टाइप’ला ‘ऑर्थो’ सांगा. मुळात असतो तो लांबचं लहान दाखवणारा प्रकार, फोटोसाठी बरा, पण त्यात अक्षावरचे आकडे डोळ्याने जुळवता येत नाहीत.

ग्राफिक्स कार्ड असेल तर

वरचं सगळं हाताने करायचं नसेल तर पायव्हिस्टा घ्या. हेही पायथनमधलंच, पण पोटात व्हीटीके नावाची थ्रीडी चित्रांची लायब्ररी आहे आणि काम ग्राफिक्स कार्डावर होतं. ‘स्ट्रक्चर्डग्रिड’ला तीन कोष्टकं द्यायची, ‘अॅड_मेश’ दोनदा, ‘ओपॅसिटी’ ०.५. एवढ्यावर चित्र फसवंच येण्याची शक्यता आहे. मग ‘प्लॉटर’ला ‘एनेबल_डेप्थ_पीलिंग’ सांगा.

हे पीलिंग म्हणजे कांदा सोलणं. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यापाशी सगळ्यात पुढचा पापुद्रा आधी काढायचा, मग त्यामागचा, मग त्याच्यामागचा, आणि शेवटी ते योग्य क्रमाने एकावर एक मिसळायचे. चौकोनाच्या सरासरीचा प्रश्नच राहत नाही, ठिपक्याठिपक्याचा निवाडा होतो. कॅस एव्हरिट यांनी २००१ मध्ये ही युक्ती ग्राफिक्स कार्डावर चालवून दाखवली. छेदरेषा इथे सुरीने कापल्यासारखी येते, दात नाहीत.

फक्त एक: पायव्हिस्टा अक्ष ताणून चौकट जुळवत नाही. आपले तापमानाचे ४० अंश आणि वेळेचे ५ तास, म्हणून चादर पट्टीसारखी अरुंद दिसते. ‘सेट_स्केल’मध्ये वेळेला ८ ने गुणा. आणि ऑफिसच्या पीसीत कार्डच नसेल, किंवा रिमोट डेस्कटॉपवरून काम असेल, तर हे कधी चालतं, कधी काळा पडदा देतं. म्हणून मी अजून हाताने पाडलेल्या चौकोनांवरच भरवसा ठेवते.

मॅटलॅबवाल्यांनी ‘सर्फ’, मग ‘होल्ड ऑन’, मग दुसरं ‘सर्फ’, दोघांना ‘फेसअल्फा’ ०.५ आणि ‘एजकलर’ ‘नन’ द्यायचं. ऑक्टेव्ह या मॅटलॅबसारख्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये आधी हीच नावं चालवून बघा. ओरिजिन या आलेखाच्या सॉफ्टवेअरमध्ये पट्टी सरकवताना लक्षात घ्या की तिथे ट्रान्स्परन्सीचे टक्के असतात, अल्फाच्या बरोबर उलट: ७० टक्के म्हणजे अल्फा ०.३. एक्सेलबद्दल मला दर महिन्याला कुणीतरी विचारतं. एक्सेलच्या सरफेस चार्टमध्ये सगळ्या सिरीज मिळून एकच चादर होते, दोन होतच नाहीत. तिथे वेळ घालवू नका.

सेव्ह करताना

ईपीएस नको. ईपीएस म्हणजे पोस्टस्क्रिप्टच, आणि पोस्टस्क्रिप्टला आरपारपणा माहीतच नाही, मॅटप्लॉटलिब तशी सूचना देऊन चादरी ठोकळ्यासारख्या भरीव छापतं, आणि ती सूचना कुणी वाचत नाही. पीडीएफला चालतं, पण हजारो आरपार चौकोनांच्या पीडीएफमध्ये काही व्ह्यूअर परत ते कोळ्याचं जाळं दाखवतात आणि फाइल उघडायला चहा होईपर्यंत वेळ लागतो. मी सरळ पीएनजी घेते, ‘डीपीआय’ ३००, छपाईला ६००.

आणि थीसिसवाल्यांनो, झेरॉक्सचा विचार करा. मघाचे दोन मिसळलेले रंग आठवतात? काळ्या-पांढऱ्यात पिवळट रंगाची छटा २५५ पैकी १६७ येते आणि करड्या-हिरवटाची १४८. कॉलेजबाहेरच्या मशीनवर दोन्ही सारख्याच राखाडी. तिथे तुमची काळी छेदरेषा तेवढी उरते, म्हणून ती २ पेक्षा बारीक करू नका, आणि ‘इथे नवा’, ‘इथे जुना’ असे दोन शब्द चादरींवरच ‘टेक्स्ट’ने लिहा.

मी आता चित्राच्या शेजारी एक साधा काप पण लावते. वेळ ३ तास धरायची, आडवा अक्ष तापमान, दोन रेषा, ९० अंशांपाशी एकमेकींना छेदणाऱ्या. पाच मिनिटांचं काम. परवाच्या मीटिंगला दोन्ही लावलं होतं. सरांनी चादरींकडे कौतुकाने पाहिलं, चित्र दोनदा फिरवायला लावलं, आणि बोलताना पेन टेकवलं ते त्या कापावर.